पहिलीची शाळा, दहावीचं बोर्ड

लेकीची सिनियर केजी संपत आली होती आणि तिची शाळा तेवढ्यापुरतीच होती. पुढच्या वर्षी पहिलीला कुठंतरी घालायचं होतंच. त्यात आमच्या घरी या प्रश्नाला आणखी एक फांदी फुटली. हे शिरोली एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघतात. गिऱ्हाइकं बरीचशी जर्मनीतली. दोन-तीन वर्षांसाठी कुटुंबासह तिकडं जावं लागेल, अशी बोलणी कंपनीत सुरू झाली होती. पक्कं काहीच नव्हतं, पण शाळेचा विषय निघाला की ते जर्मनी मध्ये येऊन बसायचं.

घरात तीन मतं होती. हे म्हणायचे, “केंब्रिजच घेऊया, परदेशी अभ्यासक्रम आहे. उद्या कुठंही जायला लागलं तर अडणार नाही.” माझा कल सीबीएसईकडं होता, कारण नीट आणि जेईईची तयारी करणारी माहेरची मुलं मी जवळून पाहिली होती. आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांचं सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेलेलं. त्यांचं म्हणणं एकच, “पोरी, पहिली चार वर्षं मराठीत काढू दे. पाया बसला की मग कुठं घालायची तिथं घाल.”

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच निर्णय अवघड होता. मी बँकेत नोकरी करते. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय. तीच इथं वापरायची ठरवली आणि दिवाळीनंतर कामाला लागले.

सुरुवात पाट्यांपासून केली. कोल्हापूरच्या भोवताली, गावाबाहेर पडणाऱ्या जवळपास प्रत्येक रस्त्यावर ‘इंटरनॅशनल स्कूल’ अशी पाटी दिसते. त्या पाटीवरून आत काय शिकवतात याचा काहीच अंदाज येत नाही. बहुतेक ठिकाणी सीबीएसई निघालं, काही ठिकाणी स्टेट बोर्ड, आणि खरोखर परदेशी अभ्यासक्रम फारच थोड्या जागी. सीबीएसई हा चांगला अभ्यासक्रम आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण पालक फी भरतो ती पाटी वाचून, म्हणून पाटीमागचा कागद बघणं भाग आहे.

एका शाळेच्या माहितीपत्रकावर केंब्रिजचं नाव ठळक छापलेलं होतं. मी शाळेचा केंब्रिजकडचा नोंदणी क्रमांक विचारला. समोरच्या मॅडम जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, “आम्ही केंब्रिजची पुस्तकं वापरतो.” केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसची पुस्तकं कुणीही विकत घेऊन शिकवू शकतं. केंब्रिजची मान्यताप्राप्त शाळा असणं आणि तिथल्या परीक्षेला मुलं बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. केंब्रिज आणि आयबी (हा दुसरा परदेशी अभ्यासक्रम), दोघांच्याही संकेतस्थळावर देश आणि शहर टाकून शाळा शोधता येते. सीबीएसईच्या संलग्न शाळांची यादी त्यांच्या पोर्टलवर असते. आयबीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ‘कँडिडेट स्कूल’ म्हणजे मान्यतेसाठी उभी राहिलेली शाळा, मान्यता मिळालेली नव्हे. ती मिळेलच याची खात्री आयबी देत नाही. आणि बोर्ड कोणतंही असो, प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. तो मागितल्यावर लगेच मिळाला नाही, की मी त्या शाळेची फाइल बाजूला ठेवायची.

सीबीएसईच्या नव्या शाळांबाबत हेही विचारायला हवं, की संलग्नता कितवीपर्यंत आहे. शाळा आधी राज्याच्या परवानगीवर सुरू होते आणि सीबीएसईची मान्यता पुढं टप्प्याटप्प्यानं येते, असंही असतं. पहिलीच्या पालकाला दहावी लांबची वाटते, म्हणून तो हे विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारावं.

मग अभ्यासक्रम समजून घ्यायला बसले.

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. 1968 साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था, आणि तिचा पहिला अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या वयाचा डिप्लोमा होता. परदेशी नोकरीनिमित्त देशोदेशी फिरणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात जाता यावं, ही मूळ गरज होती. त्यामुळे यांचा ‘जगात कुठंही चालतं’ हा मुद्दा आयबीच्या जन्मातच आहे. 3 ते 12 वयासाठीचा प्रायमरी कार्यक्रम बराच नंतर, 1997 मध्ये आला. त्यात इयत्तावार धड्यांऐवजी सहा मोठी विषयसूत्रं असतात. ‘आपण कोण आहोत’, ‘जग कसं चालतं’ अशा प्रश्नांभोवती भाषा, गणित, विज्ञान एकत्र गुंफतात.

केंब्रिजची रचना जास्त ओळखीची वाटली. प्रायमरी, लोअर सेकंडरी, मग 14 ते 16 वयात आयजीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा, आणि पुढं बारावीच्या तोडीची ए लेव्हल. आयजीसीएसई 1988 पासून आहे. विषय निवडता येतात, प्रयोगावर भर असतो, आणि प्रश्नपत्रिका पाठांतरावर सुटत नाही. मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या. विज्ञानाच्या पेपरात एक प्रयोग देऊन त्यात चूक कुठं झाली ते ओळखायला सांगितलं होतं. मला तो प्रश्न फार आवडला. मी स्वतः स्टेट बोर्डातून दहावीला भरपूर मार्क घेऊन बाहेर पडले, पण असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं.

आयबीची सोयीची शाळा कोल्हापुरात मिळेना. नणंद पुण्याला असते, तिच्या ओळखीनं तिथली एक शाळा पाहून आले. पहिली-दुसरीच्या वयाची मुलं ‘पाणी’ या विषयावर काम करत होती. घरात किती बादल्या पाणी लागतं याचा तक्ता, पाणी कुठून येतं याचं चित्र, टँकरवाल्या काकांची मुलाखत. एका मुलीनं मला स्वतःहून तिचा तक्ता समजावून सांगितला, कुणी शिकवून ठेवल्यासारखा नव्हे, तिला त्यात खरोखर रस होता. परतीच्या एसटीत माझं मन पुण्याच्याच शाळेत रेंगाळत होतं.

घरी आल्यावर मामांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “हे लीलाताईंनी इथं कोल्हापुरातच केलंय की. आणि मराठीत.”

लीलाताई पाटलांचं नाव मी ऐकून होते, पण या प्रश्नाशी त्यांचा संबंध जोडला नव्हता. शिक्षक घडवण्याच्या कामात वर्षानुवर्षं घालवल्यावर त्यांनी 1985 मध्ये इथं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलानं अनुभव घ्यावा, त्यावर बोलावं, लिहावं, प्रश्न विचारावेत, आणि शिकण्यात आनंद असावा, हा त्या शाळेचा पाया. तेही महागडी फी न घेता. मामा शिक्षक असताना त्यांची भाषणं ऐकायला गेलेले. ते मला त्यावर रात्री उशिरापर्यंत सांगत राहिले. त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट नीट वेगळी झाली. पुण्यात मला जे भावलं होतं ती शिकवण्याची रीत होती. ती रीत आयबीच्या शाळेत असण्याची शक्यता जास्त, कारण तिथं शिक्षकांना तसं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. पण ती फक्त तिथंच असते असं नाही. मग मला शोधायचं काय होतं? तशी रीत असलेला वर्ग, आमच्या घरापासून झेपेल इतक्या अंतरावर.

आणि बोर्ड? त्याचा विचार उलट्या टोकाकडून करायला हवा हे मला एका घरातल्या उदाहरणावरून कळलं.

माझ्या चुलतभावाच्या मुलानं आयजीसीएसई केलं, मग इथंच अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. मी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. मे-जूनच्या सत्राची परीक्षा दिली तर केंब्रिजचा निकाल ऑगस्टमध्ये येतो, आणि आपल्याकडं तोवर अकरावीचे वर्ग सुरू झालेले असतात. यासाठी केंब्रिजनं भारतापुरतं मार्चचं सत्र ठेवलेलं आहे, त्याचा निकाल मे महिन्यात लागतो. पण आपली शाळा मुलांना मार्चच्या सत्राला बसवते का, सगळे विषय त्यात मिळतात का, हे नववीत जातानाच विचारून ठेवावं लागतं. शिवाय परीक्षेची फी विषयागणिक वेगळी. ग्रेडचं टक्क्यांत रूपांतर, समकक्षतेचे कागद, ही धावपळ त्यांनी त्या उन्हाळ्यात केली. “मुलगा चांगला तयार झाला गं,” वहिनी म्हणाल्या, “प्रयोगशाळेत तो बाकीच्यांपेक्षा पुढं असतो. पण पहिले काही महिने एनसीईआरटीच्या पुस्तकातलं शब्दन् शब्द लक्षात ठेवायची सवय नव्हती, तिथं दमला.”

हे ऐकल्यावर मी बारावीनंतरच्या वाटा कागदावर मांडल्या. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईत चालणाऱ्या, पुस्तकांना सगळ्यात जवळचा. जेईईचंही बरंचसं तसंच. अभियांत्रिकीसाठीची एमएचटी-सीईटी राज्याच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर, त्यातही बारावीवर भर. वैद्यकीयला राज्याच्या कोट्यातून जायचं तर दहावी आणि बारावी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातून झालेली लागते. आयबी डिप्लोमाला भारतीय विश्वविद्यालय संघाची समकक्षता आहे, त्यामुळे ‘भारतात चालत नाही’ ही कोल्हापुरात चहाच्या टेबलावर ऐकू येणारी गोष्ट खरी नाही. पण डिप्लोमाचे सहा विषय वेगवेगळ्या गटांतून घ्यायचे असतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असे तिन्ही एकदम घेणं सरळ जमत नाही, त्यासाठी खास परवानगी काढावी लागते. म्हणजे डॉक्टर व्हायचं मनात असलेल्या मुलासाठी तो रस्ता वळणाचा. तेच मूल जर परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्र, कला, संशोधन असं काही करणार असेल, तर 45 गुणांचा तो डिप्लोमा, त्यातला स्वतंत्र शोधनिबंध आणि ज्ञानाच्या स्वरूपावरचा विषय, ही तयारी आपल्याकडच्या कुठल्याही बारावीत इतकी मिळत नाही. हे मी मनापासून म्हणते.

लेक सहा वर्षांची. ती डॉक्टर होणार की चित्रकार, हे आत्ता ठरवणं तिच्यावर अन्याय. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे केले. बोर्डाचा प्रश्न खऱ्या अर्थानं आठवी-नववीला येतो, तेव्हा तो तिच्यासोबत बसून सोडवायचा. आत्ता सोडवायचा तो शाळेचा प्रश्न, म्हणजे पुढची चार-पाच वर्षं ती रोज कुठल्या वर्गात, कुणासमोर बसणार.

यांना मात्र जर्मनीची काळजी होती, आणि ती योग्य होती. त्यांनी तिकडं राहून आलेल्या सहकाऱ्यांना गाठलं. जे कळलं त्यानं आमचा सगळा हिशेबच बदलला. जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं कायद्यानं सक्तीचं आणि सरकारी शाळा मोफत. प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत पहिली ते चौथी. सहा-सात वर्षांचं मूल तिथल्या शेजारच्या शाळेत जातं, जर्मन शिकतं, वर्षभरात रुळतं. इथून केंब्रिज केलं की सीबीएसई, हे तिथं कुणी फारसं विचारत नाही. इंटरनॅशनल शाळेतच घालायचं म्हटलं तर फी प्रचंड, कंपनी देत असेल तरच विचार करावा. मूल तेरा-चौदा वर्षांचं झाल्यावर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा केंब्रिज किंवा आयबीचा उपयोग खराच. यांनी वही मिटली आणि म्हणाले, “म्हणजे आत्ता केंब्रिजची घाई नाही.” इतके दिवस आम्ही ज्यावर वाद घालत होतो, तो मुद्दा एवढ्या चौकशीत निकाली निघाला.

तरीही एक केंब्रिजची शाळा आमच्या यादीत शेवटपर्यंत होती, कारण ती खरोखर चांगली होती. वर्ग लहान, वाचनालय मुलांच्या हाताला येईल असं, शिक्षिका मुलांशी बोलताना खाली बसून बोलणाऱ्या. ती सुटली ती पंचगंगेमुळं.

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कोल्हापूरकरांना नाही वाटणार. ती शाळा नदीपलीकडं होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक बंद पडली. यांचा कारखाना त्याच बाजूला, तेव्हा हे इकडं आणि कारखाना तिकडं अडकलेला. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे आकडे जुलै-ऑगस्टात इथल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असतात. सकाळी मूल बसनं पलीकडं गेलं आणि दुपारी पाणी चढलं तर? मी शाळेला विचारलं. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की पातळी वाढायला लागली की आधीच सुट्टी देतो आणि ऑनलाइन वर्ग घेतो. उत्तर प्रामाणिक होतं. पण पुराखेरीज रोजचा प्रवास जाऊन-येऊन दीड तासाच्या पुढं होता, आणि सहा वर्षांच्या मुलीला तेवढा वेळ बसमध्ये बसवायला माझं मन धजेना. संध्याकाळचा तो वेळ तिनं गल्लीत खेळावं, आजोबांबरोबर बाजारात जावं, हे मला अभ्यासक्रमाइतकंच मोलाचं वाटतं. कोल्हापुरात शाळा बघताना नकाशावर नदी काढून बघा, हे मी आता प्रत्येक नव्या पालकाला सांगते. आणि स्कूल बसमध्ये महिला मदतनीस असते का तेही बघा, राज्याच्या 2011 च्या नियमांत ते आहे.

मग नदीच्या अलीकडच्या शाळा बघायला लागले. कार्यालयात बसून होणाऱ्या गोष्टींवर मी फार वेळ घालवला नाही. तरणतलाव, घोडेस्वारी, रोबोटिक्सची खोली, हे सगळे दाखवतात. मी पहिली-दुसरीच्या मुलांच्या वह्या मागितल्या. काही शाळांनी नाही म्हटलं, काहींनी निवडक दोन-तीन आणून दिल्या, आणि एका ठिकाणच्या मॅडमनी अख्खा गठ्ठाच टेबलावर ठेवला. त्या गठ्ठ्यात मला बरंच काही दिसलं. सगळ्या मुलांची उत्तरं एकसारखी नव्हती. ‘माझं घर’ या विषयावर एकानं शिवाजी पेठेतला आपला वाडा लिहिला होता, एकीनं म्हशी मोजल्या होत्या. चुकांवर लाल फुल्या मारलेल्या नव्हत्या, शेजारी छोटा प्रश्न लिहिलेला होता. दुसऱ्या एका नावाजलेल्या शाळेत तीस मुलांच्या वह्यांत निबंध शब्दशः एकच होता.

दुसरा प्रश्न मी शिक्षकांबद्दल विचारला. पहिलीच्या वर्गशिक्षिका इथं किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी किती जणींनी शाळा सोडली? या प्रश्नावर चेहरे बदलतात. पण अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी तो बाईंच्याच हातून मुलापर्यंत पोचतो, आणि बाई दर वर्षी बदलत असतील तर काय पोचणार? जिथं पगार नीट आणि वेळेवर होतात तिथं शिक्षिका टिकतात. हे मामांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

गृहपाठाबद्दलही विचारलं. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नको, असं म्हटलं आहे. हे धोरण माहीत असलेल्या मुख्याध्यापिका भेटल्या की मला बरं वाटायचं.

मुलाखतीचा प्रकार मात्र मनाला लागला. एका शाळेनं लेकीची लेखी चाचणी आणि आमची दोघांची मुलाखत ठेवली, त्यात माझ्या इंग्रजीवर जास्त लक्ष होतं असं मला वाटलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही, देणगीही मागता येत नाही. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढं प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्ही तिथून अर्ज काढून घेतला. जिथं दारातच माणूस तोलला जातो, तिथं माझी मुलगी बारा वर्षं कशाला काढेल?

फीचं काम मी बँकेतल्यासारखं केलं. फक्त वर्षाची फी न विचारता प्रवेश शुल्क, बस, पुस्तकं, गणवेश, सहली, उपक्रम, सगळं एका कागदावर मागितलं, आणि दहावीपर्यंत ती फी कशी वाढत जाईल याचा अंदाज मांडला. आम्ही पाहिलेल्या केंब्रिजच्या शाळेचा एकूण खर्च सीबीएसईच्या शाळेच्या दुपटीच्या वर जात होता. महाराष्ट्रात 2011 चा फी नियमनाचा कायदा आहे. शाळेनं सुचवलेल्या फीवर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. ती समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, हे विचारण्याचा पालकाला हक्क आहे. वह्या-गणवेश अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्तीही करता येत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला, त्या गावात फीविषयी विचारायला कुणी संकोच करू नये असं मला वाटतं.

राहिली मराठी. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. कागदावर ती सगळीकडं आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून दोन-तीन तास आणि पुस्तकातल्या प्रश्नांची फळ्यावरून उतरवलेली उत्तरं, एवढंच. मी वाचनालयात मराठी पुस्तकं कुठं आहेत ते विचारायचे. एका मोठ्या शाळेत ती कुलूपबंद कपाटात होती. लेकीनं मराठी फक्त बोलावी एवढ्यानं माझं समाधान होत नाही. तिनं मराठीत वाचावं, विचार करावा, भांडावं, कविता म्हणावी, असं मला वाटतं. तिच्या आजीशी ती कोल्हापुरीत बोलते ते तसंच राहावं. भाषेचं हे घर एकदा लहानपणी बांधलं गेलं की इंग्रजी, जर्मन, काहीही त्यावर चढवता येतं. मामांचा मुद्दा मला इथं पूर्ण पटला, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं.

मराठी माध्यमात का घातलं नाही, असं मामांनी मला एकदा विचारलं. मी त्यांना खरं तेच सांगितलं. आमच्या हातात जर्मनीची शक्यता होती, आणि आमच्या घराजवळच्या मराठी शाळेतले तुकडी-तुकडीनं कमी होत चाललेले वर्ग बघून मला धीर झाला नाही. ती शाळा भक्कम असती तर मी तिथं घातली असती. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मग मराठी माझ्याकडं सोपव.”

शेवटी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवणारी शाळा घेतली. सीबीएसई, संलग्नता दहावीपर्यंत, घरापासून बसनं वीस मिनिटांच्या आत, नदीच्या अलीकडं. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ नाही. पहिलीच्या बाई तिथं बरीच वर्षं आहेत. मराठीचे तास रोज आहेत आणि पुस्तकं उघड्या फळीवर. मैदान मात्र लहान आहे. यांना ते खटकलं आणि मलाही, कारण कोल्हापुरात फुटबॉलशिवाय मूल वाढवायचं म्हणजे काय! त्यासाठी शनिवार-रविवार तालमीच्या मैदानावरच्या फुटबॉलच्या सरावाला पाठवायचं ठरवलं.

प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड लागलं. वयाचा नियम राज्याचा, म्हणजे त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण. फीची पावती प्रत्येक हप्त्याला शाळेच्या नावाची घेतो. जर्मनीचं ठरलं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत प्रगतिपुस्तकाच्या इंग्रजी प्रती आणि दोन वर्षांची हजेरी मागून घ्यायची, हे यांच्या सहकाऱ्यांनी बजावलंय. आणि लेक सातवीत गेली की केंब्रिजची फाइल पुन्हा काढायची. तेव्हा तिला सोबत घेऊन शाळा बघायच्या, वह्या तिनं चाळायच्या आणि प्रश्न तिनं विचारायचे.